‘झीज’ झाली म्हणून आईला बसवून ठेवायचं का?

पत्र थोडक्यात असं: “आई ६१ वर्षांची आहे. पाळी ४६व्या वर्षी गेली. चार महिन्यांपूर्वी मागच्या पडवीत पाय घसरून ती हातावर पडली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. नंतर डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत कण्याचा टी-स्कोर उणे २.८ आणि खुब्याचा उणे २.१ आला. डॉक्टर म्हणाले, हाडांची झीज झाली आहे. आधी गुडघ्यांच्या एक्स-रेतही झीज सांगितली होती. उठता-बसता गुडघे दुखतात, कटकट वाजतात. अलेंड्रोनेट ७० ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं आहे. आई कॅल्शियम घेते, पण आठवड्याची गोळी घेत नाही. ‘त्या गोळीने जबड्याचं हाड कुजतं’ असं शेजारच्या काकूंनी सांगितलंय. दादा म्हणतो, हाडं जितकी कमी वापरू तितकी जास्त टिकतील. त्याने तिचं फिरणं, जिना, घरकाम सगळं बंद केलंय. मलाही ते पटलं होतं, पण आई दिवसेंदिवस जास्तच अशक्त दिसते. मी ३४ वर्षांची. माझंही असंच होणार का?”

ताई, तुमच्या पत्रात ‘झीज’ हा शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. घरातला गोंधळ तिथूनच सुरू झालाय असं वाटतं, म्हणून आधी तो सोडवू.

गुडघ्यात झिजते ती कूर्चा. मांडीचं हाड आणि नडगी जिथे एकमेकांवर टेकतात, तिथे दोन्ही टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत, लवचीक थर असतो. वयानं, वजनानं, जुन्या दुखापतीनं तो पातळ आणि खरबरीत होतो, मग सांधा दुखतो, सकाळी आखडतो. मनगट मोडलं त्यामागचं कारण निराळं. तिथे हाडाच्या आतलं बांधकामच विरळ झालं आहे. त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. ही विरळ होण्याची क्रिया दुखत नाही, हाड मोडेपर्यंत काहीच जाणवत नाही. म्हणून कॅल्शियमच्या गोळीनं गुडघेदुखी थांबत नाही, आणि गुडघ्याला तेल लावून मनगट मजबूत होत नाही. दोन आजार, दोन उपाय. नुसत्या कटकट आवाजाला तर घाबरूच नका. आवाजासोबत सूज किंवा वेदना असेल तरच तो दाखवण्यासारखा.

आता दादाचं म्हणणं. त्यामागे आईबद्दलची काळजी आहे हे उघड आहे. पण त्याच्या मनात हाड म्हणजे घराचा लाकडी खांब आहे: भार पडला की झिजणार, भार काढला की टिकणार. शाळेतल्या प्रयोगशाळेत टांगलेला सापळा पाहून आपल्या सगळ्यांचीच अशी समजूत होते. तो सापळा कोरडा, पांढरा, मेलेला असतो. आईच्या शरीरातली २०६ हाडं ओलसर आहेत, त्यांत रक्तवाहिन्या आणि नसा आहेत, आणि हे वाचताना तुमच्याही हाडांत कुठे ना कुठे तोडफोड आणि बांधकाम चालू आहे.

हाड दोन प्रकारे घडतं. बाहेर घट्ट, टणक कवच. सापळ्याच्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे ८० टक्के हेच. आत, विशेषतः मणक्यांत, खुब्याजवळ आणि मनगटाच्या टोकाला जाळीदार हाड असतं. नीट पडलेल्या घावनाची जाळी डोळ्यांपुढे आणा. ही जाळी कशीही विणलेली नसते. ज्या दिशेनं भार येतो त्याच दिशेनं तिच्या काड्या उभ्या राहतात. मांडीच्या लांब हाडाचा मधला भाग मात्र कळकासारखा पोकळ असतो, कारण वाकवणारा ताण बाहेरच्या कडेवर येतो, मधल्या भागाला फारसं काम नसतं. वजन कमी, ताकद तेवढीच.

हाड कशाचं असतं हे घरीही बघता येतं. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला. खनिज विरघळून जातं आणि हाड रबरासारखं वाकतं. उरतो तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा. उलट हाड जाळलं तर प्रथिन जातं, आकार राहतो, पण बोटानं दाबलं की चुरा होतो. म्हणजे कॅल्शियम हा हाडाचा टणकपणा आहे, चिवटपणा प्रथिनाचा. आई कॅल्शियमची गोळी नेमानं घेते आणि जेवणात चहा-चपाती-भाजीवर भागवत असेल, तर हिशेब अर्धाच होतो.

मग हाड विरळ का होतं? हाडावर दोन तऱ्हेच्या पेशी आळीपाळीनं काम करतात. एक गट जुनं हाड पोखरून काढतो, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. दुसरा गट त्या खड्ड्यात नवं हाड भरतो, त्याला तीन-चार महिने लागतात. पाडणं झटपट, बांधणं सावकाश, हे कुठल्याही गवंड्याला पटेल. तरुणपणी दोन्ही बाजू बरोबरीत असतात. स्त्रियांमध्ये पाडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक आवरून धरतं. पाळी गेली की तो आवर सुटतो आणि पुढची पाच ते दहा वर्षं भरणीपेक्षा खोदाई जास्त होते. जाळीदार हाडाला पृष्ठभाग मोठा, म्हणून खोदाईला जागाही तिथेच जास्त. त्यामुळे आधी मनगट आणि मणके, मग खुबा, असा क्रम दिसतो. तुमच्या आईचा अहवाल नेमका तसाच आहे: कणा उणे २.८, खुबा अजून उणे २.१. टी-स्कोर म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या सरासरीशी केलेली तुलना: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये हाड विरळ व्हायला लागलेलं, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. शिवाय उभ्याच्या उभ्या पडून मनगट मोडणं ही स्वतंत्र धोक्याची खूण आहे. तिचा खुबा अजून सांभाळता येण्यासारखा आहे, म्हणून वेळ घालवू नका.

या पेशींना नवं हाड कुठे भरायचं हे कळतं कसं? हाडाच्या आत रुतून बसलेल्या तिसऱ्या तऱ्हेच्या पेशी असतात, हाडातल्या एकूण पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त. चालताना, जिना चढताना, वजन उचलताना हाड अगदी किंचित वाकतं. तो ताण या पेशींना जाणवतो आणि त्या निरोप देतात: इथे काम आहे, इथे भरा. ताण आलाच नाही तर निरोप उलटा जातो. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं की हाड आपल्यावरच्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. अंतराळात हेच उलट बाजूनं दिसलं. तिथे भार नाही, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याचं आणि कण्याचं हाड महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्यांनी कमी होतं. आणि ही माणसं तरुण, धडधाकट असतात!

दादाला एवढंच सांगा: आईला खुर्चीत बसवून आपण तिची हाडं वाचवत नाही, त्यांना ‘तुमची गरज नाही’ असा निरोप देतोय. स्नायू तर त्याहून लवकर उतरतात, तोल जातो, आणि पडण्याची शक्यता वाढते. ती अशक्त दिसते हे तुम्ही बरोबर टिपलंत.

याचा अर्थ उद्यापासून तिला धावायला लावायचं असा नाही. आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवून कण्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे करून घ्या. मणके कित्येकदा न दुखता चेपतात. तिची उंची मोजा आणि जुन्या कागदपत्रांत नोंद असेल तर ताडून बघा. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. मणका चेपलेला नसेल तर पुढचं सगळं घरात करता येतं, पहिल्या दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली केलेलं बरं.

स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, क्षणभर थांबायचं, सावकाश टेकायच्या. दहा वेळा, दिवसातून दोनदा. हात नसलेल्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं आणि हळू बसायचं, आठ ते दहा वेळा. जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा आणि पंधरा दिवसांनी उशी काढा. ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. हे तोलासाठी, आणि ते कोणी ना कोणी शेजारी उभं असतानाच. भिंतीला टाचा, नितंब, खांदे लावून हनुवटी आत घेऊन उभं राहायचं, म्हणजे पाठीचे स्नायू कणा सरळ धरायला शिकतात. मनगट आता चार महिन्यांचं आहे, तर ओला स्पंज पिळण्यापासून सुरुवात आणि मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली खांद्यापर्यंत उचलणं. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत तीस मिनिटांपर्यंत न्या. बूट मागून बंद असलेले, रस्ता सपाट. पोहणं आणि सायकल हृदयाला चांगली, पण त्यात अंगाचा भार हाडांवर येत नाही, तेव्हा चालण्याऐवजी ती पुरणार नाही.

गुडघ्यांची अडचण येईल. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरत असेल तर व्यायाम चालू ठेवायचा. सूज आली किंवा दुखणं मुक्कामाला राहिलं तर निम्म्यावर आणायचा. जिना पूर्ण बंद करू नका. कठडा धरून, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

काय टाळायचं हे इथे तितकंच महत्त्वाचं, कारण उत्साहात नेमकं तेच केलं जातं. पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटासाठीचे सिट-अप आणि सूर्यनमस्कारातलं खाली वाकून पायाला हात लावणं आईसाठी सध्या नको. पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या कडेवर भार एकवटतो, तिथली जाळी आधीच विरळ असते, आणि मणका पाचरीसारखा पुढून चेपतो. म्हातारपणी येणारं पोक बहुतेकदा असंच येतं. तोच नियम घरकामाला. भरलेली बादली वाकून उचलायची नाही; अर्धी भरा, गुडघ्यांत वाका, अंगाजवळ धरून उठा. झाडू लांब दांड्याचा घ्या. घरकाम बंद करायचं नाही, वाकण्याची पद्धत बदलायची. काही उचलताना किंवा शिंकताना पाठीत अचानक कळ आली आणि राहिली, तर मालिश करू नका, हाडवैद्याकडेही नेऊ नका, आधी एक्स-रे.

आता आठवड्याच्या त्या गोळीबद्दल. काकूंनी सांगितलेलं अगदी खोटं नाही, पण अपुरं आहे. जबड्याचं हाड उघडं पडून न भरणं हा या गटातल्या औषधांचा खराखुरा दुष्परिणाम आहे. मात्र तो मुख्यतः कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना शिरेतून मोठ्या मात्रा वारंवार दिल्या जातात तेव्हा दिसतो. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत तो वर्षाला दहा हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी लोकांना होतो, आणि बऱ्याचदा दात काढल्यानंतर. म्हणून गोळी सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन काढायचे दात काढून घ्या, हिरड्या भरू द्या, मग सुरू करा. दुसऱ्या पारड्यात काय आहे? हे औषध पोखरणाऱ्या पेशींना आवरतं आणि मणके चेपण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणतं. तुमच्या आईच्या आकड्यांकडे पाहता माझं मत गोळीच्या बाजूनं आहे.

गोळी फसते ती घेण्याच्या पद्धतीत. आठवड्याचा एक वार ठरवा. सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, पेलाभर, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर, साध्या पाण्याबरोबर ती गिळायची, चघळायची नाही. नंतर निदान अर्धा तास चहा नाही, दुसरी गोळी नाही आणि आडवं पडायचं नाही. चहाबरोबर घेतली तर औषध अंगी लागत नाही, घेऊन पुन्हा झोपलं तर गोळी अन्ननलिकेत रेंगाळून जखम करते. कॅल्शियम त्या दिवशी दुपारच्या जेवणाबरोबर. सुरू करण्यापूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासलेलं हवं. मूत्रपिंडांचं काम बरंच कमी असेल किंवा गिळायला त्रास असेल तर ही गोळी चालत नाही, पर्याय म्हणून वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं औषध असतं. त्यालाही मूत्रपिंडांची तपासणी लागतेच. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शनही मिळतं, पण ते मनानं थांबवायचं नाही. अचानक थांबवलं तर हाड झपाट्यानं विरळ होतं, मणके चेपू शकतात. गोळी साधारण पाच वर्षांनी थांबवायची की पुढे न्यायची हे डॉक्टर ठरवतात. मधल्या काळात मांडीत किंवा जांघेत नव्यानं सतत दुखू लागलं तर कळवायचं, कारण फार वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीच्या हाडाला तडा जातो.

कॅल्शियमबद्दल थोडा हिशेब. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम, म्हणजे साधारण एक किलो, हाडांत असतं. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत, आणि हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल त्यावर चालते. रक्तातलं कॅल्शियम जरा कमी झालं की गळ्यातल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून उसनं काढायला लावतात. जेवणात रोज तूट असेल तर रोजच उसनवारी. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम लागतं. २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिळतं, वाटीभर दह्यातून दीडशे ते पावणेदोनशे, ६० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून सुमारे २००, आणि चमचाभर न सोललेल्या तिळाच्या चटणीतून कागदावर शंभरावर, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं. पालकातलंही ऑक्झलेटमुळे फारसं लागत नाही. त्यापेक्षा मेथी करा. पायासूप चवीला छान, पण हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम फार उतरत नाही. त्यापेक्षा काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी कितीतरी चांगली. जेवणातून सातशे-आठशे होत असेल तर ५०० ची एक गोळी पुरते. एका वेळी ५०० हून जास्त घेतलं तर नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम: वरण, उसळ, ताक, अंडी, मासे.

‘सकाळचं कोवळं ऊन घेतो, मग ड जीवनसत्त्व कमी कसं?’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवणारे किरण फारच कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि तेही काचेतून नाही. हात उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं पुरेत. कमतरता निघाली तर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुधा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. ती चुकून रोज घेतली जाते आणि रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. पाकिटावर वार लिहून ठेवा.

आणखी तीन गोष्टी तिला प्रेमानं विचारा. ती मिश्री लावते का? तंबाखू हाडाची भरणी मंदावतो, मोडलेलं हाड जुळायलाही उशीर करतो. गुडघ्यांसाठी कुणाकडून विनानावाच्या पुड्या घेते का? अशा पुड्यांत स्टेरॉइड आढळलेली आहेत, आणि तीन महिन्यांहून जास्त घेतलेलं स्टेरॉइड हाड विरळ करतं. मात्र घेत असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना सांगायचं. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी घेऊन रात्री उठताना चक्कर येते का? पडवीत ती घसरली, तेव्हा ओल्या फरशीचा बंदोबस्त औषधाइतकाच निकडीचा: न्हाणीघरात भिंतीत धरायला पक्का दांडा, खाली न सरकणारं पायपुसणं, रात्री वाटेवर छोटा दिवा, साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन पुढे ढकलू नका.

आणि तुम्ही. आईचं हाड मोडलं म्हणून तुमचं मोडेलच असं नाही, पण धोका थोडा जास्त आहे हे खरं. हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंत भरतो. तुमचा भरून झाला आहे, आता तो राखायचा. आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम, रोजचं चालणं, दोरीवरच्या थोड्या उड्या, १००० मिलिग्रॅम कॅल्शियम. आत्ता डेक्सा करायची गरज नाही, शिबिरात टाचेवर यंत्र लावून दिलेल्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. पाळी ४५च्या आत गेली, किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यावं लागलं, तर मात्र लवकर तपासा.

आईची पुढची डेक्सा एक ते दोन वर्षांनी करा, आणि शक्यतो त्याच केंद्रातल्या त्याच यंत्रावर. यंत्र बदललं तर आकडे नीट ताडता येत नाहीत. कण्याचा आकडा सुधारलेला दिसला तर खुब्याचा आकडाही बघायला सांगा, कारण वयाबरोबर मणक्यांच्या कडांना वाढलेलं हाड कण्याचा आकडा खोटाच वर दाखवतं.